कूलर, एसी आणि अम्मींची खोली

अकोल्यात उन्हाळा कॅलेंडर पाहून येत नाही. होळीच्या आसपास गल्लीत कूलरच्या ताट्या विकणाऱ्याची हातगाडी फिरू लागली की तो आला असे समजायचे. मग गच्चीवरून, जिन्याखालून, जुन्या चादरीत गुंडाळलेले पत्र्याचे कूलर बाहेर निघतात. जुने गवत काढले जाते, टाकीला गंज चढला असेल तर रंग मारला जातो, पंप चालतो का ते बादलीत बुडवून पाहिले जाते. घरात कर्ता पुरुष असो वा नसो, हे काम दरवर्षी होतेच. विदर्भात कूलर नसलेले घर आणि पंखा नसलेले घर यांत फारसा फरक नाही.

आमचे मूळ घर बाळापूरचे. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर धाबे. त्या घरात मे महिन्यात दुपारी पाय ठेवला तरी डोळ्यांना आधी अंधार आणि मग अंगाला गारवा जाणवायचा. दिवसभराची उष्णता ती भिंत पिऊन घ्यायची आणि आत पोहोचेपर्यंत रात्र व्हायची. रात्री तर सगळे अंगणात बाजा टाकून झोपायचे. यज्द शहरातल्या बादगीरांची चित्रे आपण कौतुकाने पाहतो. छपरावर उंच बुरूज बांधून वारा खाली ओढून घेण्याची ती इराणी युक्ती खरोखर थोर आहे. पण आपल्या आजोबांचे धाबेही काही कमी शहाणे नव्हते, हे मात्र कोणी पोस्टरवर छापत नाही.

अकोल्याला आल्यावर आम्ही सर्वांसारखे सिमेंटचे स्लॅबचे घर बांधले. खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, वरच्या खोलीत. त्यांना तिथली हवा आवडायची, फजरच्या वेळी खिडकीतून पूर्व दिसायची. हे सगळे दहा महिने ठीक असते. एप्रिल-मेमध्ये मात्र ती खोली म्हणजे तवा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारा-एकपर्यंत ती आग खाली सोडत राहतो. पंखा लावला तर तीच गरम हवा अंगावर येते.

२०१९ सालचा रमजान मे महिन्यात आला होता. रोजा चौदा तासांहून मोठा, बाहेर ४५ अंशांच्या आसपास. अम्मींचे वय तेव्हा अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. विसाव्या की एकविसाव्या रोज्याला असरच्या नमाजला उठताना त्यांचा तोल गेला. डॉक्टरांनी सलाईन लावली आणि आम्हाला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे या वयात तहान लागल्याचे शरीर वेळेवर सांगत नाही. दुसरी गोष्ट मला नवीन होती. ते म्हणाले, माणूस दिवसाच्या उन्हाने जितका खचतो तितकाच रात्री शरीराला थंड व्हायला वेळ न मिळाल्याने खचतो. म्हणजे अम्मी दिवसा खाली कूलरसमोर बसत होत्या ते ठीक, पण रात्री त्या तव्याखाली झोपत होत्या. त्या वर्षी उरलेल्या रोज्यांचा फिदिया दिला. अम्मी त्याबद्दल फार बोलल्या नाहीत, पण त्यांना ते लागले होते.

आपल्या दीनने सवलती दिल्या आहेत. आजारी आणि वृद्धांना रोज्याची सवलत आहे, कडक उन्हात जुहरची नमाज थोडी थंड वेळ होईपर्यंत लांबवण्याची शिकवण हदीसमध्ये आहे, सूरह नहलमध्ये अल्लाहच्या नेमतींची गणना आहे तिथे सावलीचाही उल्लेख आहे. म्हणजे उष्णता सोसत बसणे ही काही इबादत नाही. मला वाटते, घरात गारवा कुठे, कोणासाठी आणि किती, हा प्रश्न आपण फक्त पैशाचा समजतो. तो घरातल्या हक्कांचाही आहे.

आमच्या घरी एसी होता. २०१३ साली घेतलेला दीड टनाचा, आणि तो होता दिवाणखान्यात. बहुतेक घरांत तो तिथेच असतो. पाहुणे येतात, सोयरीक जमवायला मंडळी येतात, त्यांच्यासमोर घाम पुसत बसायचे का? त्यामुळे घरातली सर्वांत थंड खोली दिवसाचे बावीस तास रिकामी आणि सर्वांत म्हातारे माणूस सर्वांत गरम खोलीत. वर स्वयंपाकघर तर हिशेबातच नाही. रमजानमध्ये दुपारी चारला कढई चढते, समोशांचा आणि भज्यांचा घाणा सुरू होतो, गॅसच्या दोन शेगड्या पेटलेल्या, आणि रोजा असलेली बाई तिथे उभी. तिच्यासाठी कूलर लावावा असे कोणाच्या डोक्यात येत नाही. कूलरच्या वाऱ्याने शेगडीची आच विझते, हे कारण तयार असते. कारण खरे आहे, पण त्यावर उपाय नाही असे नाही. तो पुढे सांगते.

मागच्या वर्षी, २०२५ मध्ये, ईद ३१ मार्चला झाली आणि पंधरा दिवसांत आमचा एसी बंद पडला. आतला पंखा फिरायचा, थंडावा शून्य. एका दुकानातून पाठवलेला मुलगा आला, बाहेरच्या युनिटला कान लावला आणि पाच मिनिटांत निकाल दिला, “बाजी, कंप्रेसर गया. चौदा हजार लगेंगे, उससे अच्छा नया ले लो.” मुलांच्या अब्बांनी त्याला पाणी पाजून, येण्याचे तीनशे रुपये देऊन रवाना केले. मग आमच्या मोहल्ल्यातल्या एका वयस्क मेकॅनिक चाचांना बोलावले. यांनी आयुष्यभर फ्रीज आणि एसीच केले आहेत. त्यांनी झाकण उघडले आणि एक चांदीच्या रंगाचा डबा दाखवला, कपॅसिटर. त्याचे डोके फुगले होते. कंप्रेसर सुरू होताना जो धक्का लागतो तो हा डबा देतो. तो मेला की कंप्रेसर नुसता गुरगुरतो आणि बंद होतो, आणि घाईतल्या माणसाला कंप्रेसरच गेला असे वाटते. नवीन डबा काही शे रुपयांचा. बसवला आणि एसी सुरू झाला.

इथे ही कथा संपली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. एसी सुरू झाला पण थंडी पूर्वीसारखी नव्हती. मी चाचांना सांगितले की मागची दोन वर्षे दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतो आहोत, यंदाही भरा. चाचा हसले. म्हणाले, “बेटा, एसी में गैस पेट्रोल नहीं है कि जलकर खत्म हो.” हे वाक्य प्रत्येक घरात माहीत असायला हवे. एसीतला गॅस वापरला जात नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरत राहतो. आत खोलीची उष्णता घेऊन वाफ होतो, बाहेर कंप्रेसर त्याला दाबतो, तिथे तो उष्णता सोडून परत द्रव होतो. दहा वर्षे, पंधरा वर्षे तोच गॅस. तो कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. आणि दर उन्हाळ्याला “गॅस भरावा लागतो” असे म्हणणारा मेकॅनिक एक तर अडाणी आहे किंवा फार हुशार आहे.

चाचांनी नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून दाब दिला आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावत गेले. बाहेरच्या जोडावर काही नाही. गळती निघाली आतल्या कॉइलमध्ये, मध्यभागी, जिथे डाग देऊन भागत नाही. कॉइलच बदलावी लागणार होती. शिवाय या एसीत आर-२२ गॅस होता. हा गॅस ओझोनच्या थराला इजा करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगभर तो टप्प्याटप्प्याने बंद होत आला आहे. नव्या घरगुती एसींमध्ये आता बहुतेक आर-३२ असतो. आर-२२ मिळतो पण महाग, आणि भेसळीची भीती. काही लोक जुन्या मशीनमध्ये दुसराच स्वस्त गॅस ढकलून देतात. चाचांनी ते करायला साफ नकार दिला. ज्या गॅससाठी मशीन बनलेले नाही तो त्यात घालणे धोक्याचे असते, कारण काही गॅस पेट घेणारे असतात.

मग हिशेब मांडला. एसी सात-आठ वर्षांच्या आतला असेल आणि कपॅसिटर, पंख्याची मोटर किंवा सेन्सर गेला असेल तर दुरुस्तच करावा, दुकानदार काहीही म्हणो. मशीन बारा वर्षांचे, गॅस जुना आणि कॉइल किंवा कंप्रेसर गेलेला, तर त्यात पैसे घालणे म्हणजे इसराफ. आमचा दुसऱ्या प्रकारातला निघाला. नवा घ्यायचे ठरले, पण मी एक अट घातली: तो दिवाणखान्यात लागणार नाही.

यावर घरात चांगलाच वाद झाला. दीर म्हणाले, “भाभी, लोक काय म्हणतील?” मुलांच्या अब्बांना पटत होते पण बोलत नव्हते. सर्वांत मोठा विरोध खुद्द अम्मींचा. “माझे किती दिवस राहिले? माझ्यासाठी एवढा खर्च कशाला? आणि त्या बंद खोलीत माझे गुडघे धरतात.” गुडघ्यांचे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. अठरा अंशांवर एसी ठेवून वर दुलई घेणाऱ्या लोकांना पाहून मलाही हसू येते. मी म्हटले, “अम्मी, आपण २७ वर ठेवू आणि पंखा हळू लावू. थंडी नाही वाजणार, फक्त आग जाईल. आणि मे महिन्यात सगळी मुले तुमच्याच खोलीत झोपतील.” मुलांचे नाव निघाले आणि विरोध ओसरला.

पण एसी घेण्याआधी आम्ही एक काम केले, ते मला एसीपेक्षा मोलाचे वाटते. गच्चीला चुना लावला. विरवलेला चुना रात्रभर भिजवला, सकाळी कापडातून गाळला, त्यात थोडा डिंक मिसळला आणि झाडू-ब्रशने गच्चीवर तीन हात मारले. आधी गच्ची धुऊन वाळवून घेतली. चुना डोळ्यांत गेला तर वाईट, म्हणून मुलांना वर येऊ दिले नाही आणि आम्ही चश्मा, हातमोजे घातले. मजुरी आमचीच, सामानाचा खर्च हजार रुपयांच्या आत. पांढरा रंग ऊन परत पाठवतो, काळा-करडा स्लॅब ते पिऊन घेतो. शाळेतल्या सातवीच्या मुलालाही हे माहीत असते, पण गच्चीवर ते कोणी वापरत नाही. दुपारी तीनला ज्या गच्चीवर चपलेशिवाय पाऊल टेकत नव्हते तिथे मी अनवाणी उभी राहून कपडे काढले. खालच्या खोलीचे छत हाताला गरम लागायचे ते कोमट झाले. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, दरवर्षी लावावा लागतो, हा त्याचा दोष. पैसे असतील तर टिकाऊ पांढरे रंग किंवा फुटक्या चिनी टाइल्सची फरशी करता येते.

चुन्याचा दुसरा फायदा खरेदीच्या वेळी कळला. टन म्हणजे एसीचे वजन नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. जुन्या काळी खोल्या बर्फाने थंड करत, तेव्हाचे हे माप आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता ओढून घेतो तितकी क्षमता म्हणजे एक टन, आजच्या भाषेत साधारण साडेतीन किलोवॅट. अम्मींची खोली दहा बाय अकराची. दुकानदार म्हणत होता, वरचा मजला आहे, दीड टनच घ्या. चाचा म्हणाले, गच्ची पांढरी आहे, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावा, एक टन पुरेल. पुरला. दहा-बारा हजारांचा फरक त्या चुन्याने आणि वाळ्याने वाचवला.

दुकानात तारे मोजणे सोपे, पण लेबल वाचायला हवे. ऊर्जा दक्षता ब्युरोचे, म्हणजे बीईईचे, हे लेबल असते. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा लिहिलेला असतो, आणि तो वर्षभरात १६०० तास वापर धरून काढलेला असतो. म्हणजे आकड्याला १६०० ने भागले की तासाला सरासरी किती युनिट ते कळते. लेबल कोणत्या काळासाठी आहे तेही पाहावे, कारण ताऱ्यांचे नियम अधूनमधून कडक होतात. जुन्या साठ्यातला पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचा असेलच असे नाही. आणखी एक, हा हिशेब २४ ते ४३ अंशांच्या हवेसाठी केलेला असतो. आमच्या मे महिन्याची दुपार त्याच्या पुढे जाते, तेव्हा बिल लेबलपेक्षा थोडे जास्तच येणार हे धरून चालावे. २०२० पासून तारे असलेले एसी सुरू केले की आपोआप २४ अंशांवर येतात. तिथून एकेक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे बीईई सांगते. अम्मींचे गुडघे आणि बीईई यांचे इथे एकमत झाले.

वीजबिलाबद्दलही थोडे सांगते, कारण घरातले खरे भांडण तिथेच होते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटांपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. प्रत्येक पायरीला दर चढतो. त्यामुळे शेवटचे शंभर युनिट पहिल्या शंभरपेक्षा कितीतरी महाग पडतात. आमचा जुना एसी कंप्रेसर चालू असताना पस्तीस मिनिटांत एक युनिट खायचा. कूलर साधारण २०० वॅटचा, म्हणजे पाच तासांना एक युनिट. हा फरक पाहिला की कोरड्या उन्हाळ्यात दिवसा कूलर आणि रात्री एसी हेच शहाणपण ठरते. मागच्या मे महिन्यात आमचे बिल त्याच्या आदल्या मेपेक्षा शंभरावर युनिटांनी कमी आले, आणि ते अम्मींची खोली रोज रात्री थंड ठेवून.

पैशांचा प्रश्न होता. दुकानात “विनाव्याज हप्ते” असा मोठा बोर्ड होता. मी पावतीचा नमुना मागितला. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. त्या व्याजावरचा जीएसटी मात्र आपल्या बिलात येतो, कधी प्रक्रिया शुल्कही. नाव काहीही असो, कागदावर व्याजाची रक्कम छापलेली होती. ज्यांना यात शंका असेल त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना कागद दाखवून विचारावे, मी फतवा देणारी कोण? आमच्या घरी मात्र ते नको असे ठरले. आमच्या बायकांची बीसी आहे, बाराजणींची. माझा नंबर ऑगस्टमध्ये होता. मे महिन्यात जिचा नंबर होता तिच्याशी मी अदलाबदल केली; तिला तिच्या मुलीच्या कॉलेजची फी ऑगस्टमध्येच भरायची होती. सूद नाही, शुल्क नाही. आपल्या बायकांची ही बँक किती कामाची आहे याच्यावर वेगळा लेख होईल.

एसी बसवताना दोन गोष्टींवर अडून बसले. पहिली, नळ्या जोडल्यावर गॅस सोडण्याआधी पंप लावून आतली हवा आणि ओल काढून टाकायची. याला वीसेक मिनिटे लागतात, म्हणून घाईतले लोक थोडा गॅस सोडून हवा “पळवतात” आणि मोकळे होतात. आत राहिलेली ओल पुढे मशीन खाते. मी खुर्ची टाकून समोरच बसले.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. बसवणाऱ्यांना बाहेरचे युनिट जिन्याच्या भिंतीवर लावायचे होते, तिथे नळी कमी लागते. पण त्या भिंतीसमोर पाच फुटांवर शेजारच्या काकूंची स्वयंपाकघराची खिडकी. आमच्या खोलीतली सगळी उष्णता त्यांच्या ओट्यावर! शेजाऱ्याच्या हक्कांवर आपण जुम्याला इतके बयान ऐकतो, आणि मग एसीची गरम हवा आणि टपटपणारे पाणी त्याच्याच दारात सोडतो. युनिट गच्चीवर नेले, कठड्याच्या सावलीत. जास्तीच्या तांब्याच्या नळीचे पैसे लागले. पाण्याची नळी मोरीतल्या बादलीत सोडली. रात्रभरात बादली बरीच भरते. त्याने फरशी पुसतो, कुंड्यांना घालतो. अम्मींनी इमामसाहेबांना निरोप पाठवून विचारून घेतले की या पाण्याने वुजू होतो का. होतो, असे उत्तर आले. पिण्यासाठी मात्र ते पाणी वापरू नये, कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश त्यात उतरतो.

आता कूलरबद्दल, कारण जीव जातात ते कूलरने. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एकही उन्हाळा असा जात नाही की कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी येत नाही. बहुतेक वेळा बाई किंवा मूल. पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात विजेचा पंप, बाहेर ओली फरशी आणि अनवाणी पाय. याहून धोकादायक वस्तू घरात दुसरी नसेल. आमच्या धाकटीने एकदा कूलरला हात लागल्यावर “मुंग्या येतात” असे सांगितले. मी त्याच क्षणी बटण बंद करून पिन काढली. इलेक्ट्रिशियनने प्लग उघडला तर तीन पिनांच्या प्लगमध्ये दोनच तारा. तिसरी, अर्थिंगची, लावलेलीच नव्हती. प्लग तीन पायांचा दिसतो म्हणून आपण निर्धास्त असतो. तार बदलली, घराची अर्थिंग तपासली आणि मुख्य बोर्डावर आरसीसीबी बसवला. तीस मिलिअँपियर इतका बारीक प्रवाह जरी भलत्या वाटेने गेला तरी तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. नव्या एसीच्या तुलनेत त्याची किंमत काहीच नाही. आणि घरात आता नियम आहे: पिन काढल्याशिवाय कोणी पाणी भरायचे नाही, कितीही घाई असो. मुलांनी तर अजिबात नाही.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवायची. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती अंडी टाकीच्या कडांना चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही. पाण्याचेही भान हवे. अकोल्याचे पाणी काटेपूर्णा धरणातून येते आणि नळ रोज येत नाहीत. मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर सहज पितो. खिडकी-दार बंद करून कूलर लावणाऱ्यांचे ते पाणी अक्षरशः वाया जाते, कारण कूलरला हवा बाहेर पडायला वाट लागते. वाट नसली की खोली दमट होते आणि अंग चिकचिकते. तसेच पाऊस सुरू झाला, हवेत ओल आली की कूलरने गारवा येत नाही. तेव्हा तो बंद करून पंखा लावावा.

जुन्या एसीचे काय करायचे यावरही चर्चा झाली. दीर म्हणाले, मशिदीला देऊन टाकू, तेवढाच सवाब. अम्मी म्हणाल्या, “जो तुम्हाला गार करत नाही तो नमाजींना करणार आहे का? बिघडलेले मशिदीला द्यायचे नाही.” शेवटी चाचांनी त्यातला उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेतला आणि मशीन तांब्याच्या भावाने गेले. आलेले पैसे अम्मींच्या हातात दिले. त्यांनी त्यातून चाचांच्या नातवाला कपडे घेतले.

राहिले स्वयंपाकघर. दिवाणखान्यातला कूलर आम्ही आता स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीबाहेर लावला आहे. वारा ओट्यावर येऊ नये म्हणून तोंडाशी पत्र्याचा वाकडा डबा करून घेतला, तो हवा खाली, पायांकडे सोडतो. शेगडीच्या वर, छताजवळ एक्झॉस्ट पंखा बसवला. गरम हवा वर जाते आणि तिथूनच बाहेर पडते, त्यामुळे कूलरलाही वाट मिळाली. आच विझत नाही. चाचणी घेतली तेव्हा मुलांचे अब्बा स्वतः अर्धा तास पोळ्या भाजत उभे राहिले, वारा कुठे लागतो ते पाहायला. पोळ्या नकाशासारख्या झाल्या, पण डबा आणखी दोन इंच खाली वाकवायला हवा हे त्यांनीच शोधून काढले. दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी आता साधा टेबल पंखा आहे. एका पाहुण्यांनी विचारलेच, “एसी कुठे गेला?” अम्मी वरून म्हणाल्या, “इकडे आहे. वर या, चहा इथेच घेऊ.”